ग्वाल्हेरचा मेळा मुळापासून कसा पाहावा

ग्वाल्हेरच्या मेळ्याला शहराच्या लष्कर या भागातली मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या जात आली आहेत. संध्याकाळी सहाच्या सुमारास घरून निघायचे, आकाशपाळण्याच्या बाजूने आत शिरायचे, मुलांना चक्रीत बसवायचे, ताटाएवढा पापड हातात धरून खायचा, संक्रांतीच्या वाणासाठी काहीतरी घ्यायचे आणि नऊ-साडेनऊला कुडकुडत परत यायचे, असा हा ठरलेला क्रम असतो. त्यात वावगे काही नाही. मीही लहानपणी मेळा असाच पाहिला. परंतु ज्यांच्या घरी अजून डबरा, भितरवार किंवा मुरारच्या बाजूला थोडीफार जमीन आहे, ज्यांच्या दारात एखादी म्हैस आहे, किंवा महाराष्ट्रातून आलेल्या ज्या पाहुण्यांचे शेतीशी नाते तुटलेले नाही, त्यांनी हा मेळा एकदा तरी तो ज्या क्रमाने वाढला त्या क्रमाने पाहावा. म्हणजे आधी जनावरे, मग बियाणे व पिके, मग यंत्रे आणि सर्वांत शेवटी दुकाने व पाळणे. तसे पाहायचे तर एक पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ हाताशी ठेवावी लागते. एवढा वेळ कशासाठी, ते पुढे म्हशीच्या धारांचा विषय आला की कळेल.

आधी सागरताल

मेळ्याच्या मैदानावर जाण्यापूर्वी बहोडापूरकडे जाऊन सागरतालच्या काठावर दहा-पंधरा मिनिटे उभे राहावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. माधवराव शिंदे, ज्यांना हे शहर आजही माधो महाराज म्हणते, त्यांनी 1905 साली याच तळ्याकाठी पशुमेळा सुरू केला आणि आजचा व्यापार मेळा त्याच पशुमेळ्यातून वाढला. गुरांचा बाजार तळ्याकाठी का भरवला, हे तिथे उभे राहिल्यावर कोणाला समजावून सांगावे लागत नाही. शेकडो जनावरे दिवसभर एका जागी बांधायची, तर त्यांना दोन वेळा पाणी दाखवावे लागते, आणि दूरच्या गावाहून चालत आलेल्या बैलाला पाणी मिळाल्याशिवाय त्याची चाल गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही.

काळही लक्षात घ्यावा. 1899-1900 चा जो भीषण दुष्काळ पडला, ज्याला संवत 1956 वरून राजस्थान आणि मध्य भारतात आजही छप्पनिया म्हणतात, त्यात चाऱ्यापाण्यावाचून गुरांचे अतोनात हाल झाले आणि दावणीच्या दावणी रिकाम्या झाल्या. पाऊस पुढच्या वर्षी परत येतो, पण बैल मेलेला शेतकरी ओल असूनही नांगर धरू शकत नाही. मेळा सुरू झाला तेव्हा त्या दुष्काळाला जेमतेम पाच वर्षे झाली होती. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, की राज्यकर्त्याला चांगली जनावरे एका जागी आणून ती शेतकऱ्याच्या हाती पोहोचवण्याची गरज का वाटली असेल, हे समजते, असे माझे ठाम मत आहे. याच महाराजांच्या काळात ग्वाल्हेरजवळचे तिघऱ्याचे धरण 1916 मध्ये उभे राहिले, आणि विश्वेश्वरय्यांनी पुण्याजवळ खडकवासल्याला 1903 मध्ये जी स्वयंचलित दारे बसवली होती, त्याच रचनेची दारे तिघऱ्यालाही आली. पाणी आणि जनावर या शेतीच्या दोन मुळांकडे त्या काळच्या ग्वाल्हेरचे लक्ष होते, एवढे लक्षात ठेवून मैदानाकडे निघावे.

मेळा पुढे सागरतालहून हलला आणि शहराच्या दुसऱ्या बाजूला, रेसकोर्स रस्त्यावरच्या 104 एकरांच्या मैदानावर स्थिरावला. आता त्याचा कारभार ग्वाल्हेर व्यापार मेळा प्राधिकरण पाहते. राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयही याच रस्त्यावर आहे. ते 2008 मध्ये स्थापन झाले असले तरी ग्वाल्हेरच्या कृषी महाविद्यालयाची परंपरा 1950 पासूनची आहे. मेळ्यात मिळालेल्या माहितीबद्दल शंका वाटली, तर ती विचारण्याचे ठिकाण त्याच रस्त्यावर आहे, ही मोठीच सोय म्हणावी लागेल.

जाण्यापूर्वीची तयारी

मेळा साधारणपणे डिसेंबरच्या अखेरीस सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत चालतो, पण तारखा दरवर्षी जाहीर होतात आणि पशुमेळ्याचे दिवस त्यात वेगळे असतात. ते आधी विचारून घ्यावेत. नाहीतर मैदान गजबजलेले आणि दावणी मात्र रिकाम्या, असा प्रकार होतो. या दिवसांत ग्वाल्हेरला सकाळी दाट धुके असते. यंत्रांच्या आणि सरकारी खात्यांच्या दालनांना साडेअकरानंतरच जाग येते, पण जनावरांचे मालक पहाटेपासून उठलेले असतात, म्हणून लोकरीची टोपी आणि मफलर गुंडाळून सातच्या सुमारास पोहोचावे.

सोबत एक जाड पुठ्ठ्याची वही असावी. जमिनीच्या कागदाची झेरॉक्स घ्यावी. महाराष्ट्रातल्या सातबाऱ्याच्या ठिकाणी इकडे खसरा आणि बी-1 चालतो, आणि योजनांच्या दालनात तोच विचारतात. मृदा आरोग्य पत्रिका असेल तर तीही घ्यावी. विहिरीत किंवा बोअरमध्ये मे महिन्यात पाणी किती फुटांवर जाते, तो आकडा घरातल्या जाणत्या माणसाला विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. शेतातल्या पिकावर काही रोग किंवा कीड दिसत असेल, तर आजारी झाड मुळासकट उपटून वर्तमानपत्रात गुंडाळून न्यावे. पिशवीत दोन लिटरचे स्टीलचे मापही टाकावे. जनावर घेण्याचा विचार पक्का असेल तरच दावे न्यावे, कारण आमच्या घरची रीत अशी की विकणारा आपले दावे देत नाही आणि घेणाऱ्याने ते मागूही नये.

महाराष्ट्रातून आलेल्यांनी चार शब्द पाठ करून घ्यावेत. आपल्या वेताला, म्हणजे जनावराच्या एकेका विण्याला, इकडे ब्यांत म्हणतात, कासेला अयन, सडाला थन आणि गाभणला ग्याभन. "दुसऱ्या वेताची म्हैस" असे विचारले तर समोरचा गोंधळेल. "दूसरी ब्यांत की" म्हटले की तो लगेच मोकळेपणाने बोलू लागेल.

सकाळ जनावरांची

दावणीकडे गेल्यावर पहिला अर्धा तास कोणत्याही जनावराला हात न लावता फिरावे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन कोणते जनावर रवंथ करीत शांत बसले आहे, कोणते मान खाली घालून उभे आहे, कोणाच्या नाकपुडीवर ओलावा आहे आणि कोणाचे नाक कोरडे पडले आहे, एवढेच पाहावे. निरोगी जनावराची नाकपुडी ओलसर आणि डोळा टवटवीत असतो, कान हलते असतात आणि अंगावर माशी बसली की कातडी तिथल्या तिथे थरथरते. जे जनावर या अर्ध्या तासात मनात भरेल, त्याच्याकडेच परत जावे.

या मुलखात आलात तर भदावरी म्हैस आवर्जून पाहावी. भिंड, आग्रा, इटावा हा तिचा मूळ प्रदेश, म्हणजे जुना भदावर. चंबळ-यमुनेच्या बीहडांतल्या रुक्ष चाऱ्यावर ही जात टिकली आहे. तिचा रंग मुऱ्हा या भरपूर दूध देणाऱ्या जातीच्या म्हशीसारखा काळाभोर नसून तांब्यासारखा असतो, पाय गव्हाच्या काडाच्या रंगाचे असतात आणि गळ्याखाली दोन पांढरट पट्टे कंठीसारखे दिसतात. ती दूध मुऱ्ह्यापेक्षा बरेच कमी देते, पण त्या दुधात स्निग्धांश सरासरी 8 टक्क्यांच्या आसपास असतो आणि काही म्हशींत तो 12-13 टक्क्यांपर्यंतही जातो. घरी तूप करणाऱ्याने लिटरांच्या आकड्याला भुलण्यापूर्वी हा हिशेब करावा. ज्याला रोज डेअरीला दूध घालायचे आहे आणि ज्याच्याकडे हिरवा चारा व पेंड भरपूर आहे, त्याला मुऱ्हा परवडेल. ज्याच्याकडे भुसा आणि बांधावरचे गवत एवढेच आहे, त्याने भदावरीचा विचार करावा, असे मला वाटते. शिंगे पाहूनही या दोन्ही ओळखता येतात: मुऱ्ह्याची शिंगे आखूड आणि जिलेबीसारखी घट्ट वळलेली असतात, तर भदावरीची मागे जाऊन मग वर वळतात.

वय मालकाच्या तोंडून ऐकू नये, जनावराच्या तोंडात पाहावे. मला हे माझ्या काकांनी शिकवले. त्यांनी डाव्या हाताने बैलाची वेसण धरली, उजव्या हाताचा अंगठा ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवला आणि खालचा ओठ अलगद खाली ओढला. पुढे लहान, दुधासारखे पांढरे सहा दात आणि त्यांच्या मधोमध फावड्याच्या पात्यासारखे रुंद, किंचित पिवळसर असे दोन दात दिसले. "हे दोन पाहिलेस? हा दोनदाती," काका म्हणाले. "वरच्या जबड्यात पुढचे दात शोधू नकोस, गाई-बैलांना ते नसतातच, तिथे नुसती टणक हिरडी असते." खालच्या जबड्यात पुढे एकूण आठ दात असतात. सगळे दुधाचे असतील तर जनावर अदंत. मधली जोडी पडून पक्की आली की दोनदाती, म्हणजे गाई-बैलांत साधारण दोन ते अडीच वर्षे. त्यानंतर तिसऱ्या वर्षाच्या आसपास चारदाती, चौथ्याच्या आसपास सहादाती, आणि साडेचार-पाच वर्षांना आठही दात पक्के होऊन जनावर जुळते. म्हशीत हेच टप्पे सहाएक महिने उशिरा येतात. जुळल्यानंतरचे वय दातांच्या झिजेवरून ओळखायचे असते. दात आखूड झाले, त्यांच्यात फटी पडल्या आणि वरचा भाग सपाट झाला, की मालक कितीही शपथा घेवो, ते जनावर उतारवयाचे समजावे. शिंगावरच्या वळ्यांवर मात्र भरवसा ठेवू नये, कारण कानशीने शिंग घासून तेल चोपडले की वळी दिसेनाशी होतात.

बैल घ्यायचा असेल तर त्याला चालवून पाहिल्याशिवाय पुढचे बोलू नये. सपाट जागेवर नव्हे, तर जिथे जमीन थोडी उंचसखल आहे तिथे चालवायला सांगावे. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याच्या जवळ पडतो का, खुरांच्या मध्ये जखम आहे का, मानेवर जुवाच्या जागी गाठ किंवा सूज आहे का, आणि वशिंडाशी हात फिरवल्यावर तो दचकतो का, हे पाहावे. आता बैल घेणारे कमीच उरले आहेत, म्हणून याविषयी एवढेच.

म्हशीची कास मात्र नीट तपासावी. चारही सड सारख्या अंतरावर असावेत, कासेला हात लावल्यावर ती गरम किंवा दगडासारखी कठीण लागू नये, आणि धार काढल्यानंतर ती रिकाम्या पिशवीसारखी मऊ पडावी. धार काढल्यावरही कास तशीच भरलेली दिसत असेल, तर ती दुधाची नव्हे, मांसाची कास आहे. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन धारा काळ्या कापडावर किंवा गडद रंगाच्या वाटीत घेऊन त्यात गुठळ्या, पू किंवा रक्ताची छटा आहे का, हे पाहावे. ही कासदाहाची, म्हणजे दगडीची खूण आहे. कानातला बिल्लाही पाहावा. त्यावर 12 आकडी क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावर लाळ्या-खुरकूत लसीकरणाची नोंद झाली आहे का, हे पशुवैद्यकीय खात्याच्या माणसाकडून तिथल्या तिथे तपासून घेता येते. बिल्ला नसलेले जनावर घेऊच नये, अशा मताचा मी आहे.

आता धारांविषयी. आमच्या घरी आलेली पहिली म्हैस मी स्वतः निवडली होती आणि त्यात फसलो होतो. सकाळी आठ वाजता तिची कास इतकी टरारलेली होती की सडांतून थेंब गळत होते. माझ्यासमोर साडेसहा लिटर दूध निघाले आणि मी सौदा केला. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवसापासून तिचे दूध एका वेळेला साडेतीन लिटरांच्या वर कधी गेले नाही. विकणाऱ्याने आदल्या संध्याकाळची धार काढलीच नव्हती. दोन वेळांचे दूध एका वेळेला माझ्यासमोर काढून दाखवले आणि मी त्याला तिचा नियम समजलो. त्यात म्हशीचेही हाल होतात, हे मला नंतर उमगले, आणि त्याचे वाईट अजून वाटते. तेव्हापासून माझा नियम असा की सलग तीन धारा स्वतः पाहायच्या. पहिल्या दिवशीची सकाळ, त्याच दिवशीची संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ, प्रत्येक वेळी आपल्या मापात मोजून. पहिली धार मोजावी, पण हिशेबात धरू नये; दुसरी आणि तिसरी मिळून जे येईल, तेच तिचे दिवसाचे दूध. म्हणूनच सुरुवातीला सांगितले की हा मेळा एका दिवसात उरकत नाही.

दुपार बियाण्यांची आणि यंत्रांची

पहिली धार पाहून, मालकाला संध्याकाळी परत येतो असे सांगून दालनांकडे निघावे. कृषी आणि उद्यान खात्यांच्या दालनांत लोक सहसा तक्ते पाहत पुढे सरकतात. आपण तसे करू नये. वर्तमानपत्रातले झाड टेबलावर ठेवावे. या दिवसांत ग्वाल्हेर-मुरैना-भिंडच्या पट्ट्यात मोहरी फुलावर किंवा शेंगांवर असते आणि शेंड्यांवर मावा चढलेला असतो, ज्याला इकडे माहू म्हणतात. "माव्यावर काय फवारावे" असे नुसते विचारले तर औषधाचे नाव मिळेल. शेंडा समोर ठेवून विचारले, तर तो मावा फवारणी करण्याइतका आहे का, त्यात त्याला खाणाऱ्या ढालकिड्याच्या अळ्या आहेत का, आणि फवारायचेच असेल तर कोणत्या वेळी, हेही कळेल. फवारणी दुपार उलटल्यावरच करावी, कारण सकाळपासून दुपारपर्यंत मोहरीच्या फुलांवर मधमाश्या असतात आणि याच पट्ट्यात मोहरीच्या हंगामात मधपेट्या ठेवून मध काढणारे अनेक लोक आहेत. मोहरीच्या मुळाशी जांभळट फुलांचे, पाने नसलेले कोंब दिसत असतील, तर ते ओरोबँकी नावाचे परजीवी तण असते. महाराष्ट्रात तंबाखूच्या शेतात त्याला बंबाखू म्हणतात. ते बी धरण्यापूर्वी उपटून जाळावे लागते, कारण त्याचे धुळीसारखे बारीक बी जमिनीत कित्येक वर्षे जिवंत राहते. तेही मुळासकट नेऊन दाखवावे.

बियाण्यांच्या दुकानात काचेच्या वाडग्यात ठेवलेले टपोरे दाणे पाहून हात पिशवीकडे जातो. तिथे दाण्यापूर्वी पिशवीला शिवलेले लेबल पाहावे. प्रमाणित बियाण्याचे लेबल निळे असते, पायाभूत बियाण्याचे पांढरे, पैदासकार बियाण्याचे सोनेरी पिवळे आणि सत्यप्रत बियाण्याचे हिरवे. शेतकऱ्याने पेरणीसाठी बहुधा निळ्या लेबलाचेच घ्यावे. लेबलावर उगवणशक्ती तपासल्याची तारीख असते. प्रमाणित बियाण्याची मुदत तिथून नऊ महिने धरतात. जानेवारीत घ्यायचे बियाणे म्हणजे मुख्यतः उन्हाळी मुगाचे, कारण गहू-मोहरीची पेरणी केव्हाच होऊन गेलेली असते. मुगासाठी किमान उगवण 75 टक्के असावी लागते. घरी आल्यावर पिशवीतले 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत आणि ऊबदार जागी ठेवून सहा-सात दिवसांनी मोजावेत. लेबल कोणत्याही रंगाचे असले तरी ही परीक्षा टाळू नये. कृषी विश्वविद्यालयाने काढलेल्या वाणांच्या नावांत राजविजय हा शब्द आढळतो. हरभऱ्याच्या त्यांच्या वाणांची चौकशी करून रब्बीसाठी नाव वहीत लिहून ठेवावे.

पंप घेणारे लोक हॉर्सपॉवर विचारतात आणि तिथेच थांबतात. खरे तर पंप किती उंचीपर्यंत पाणी चढवू शकतो आणि त्या उंचीवर दर सेकंदाला किती लिटर देतो, हे दोन आकडे महत्त्वाचे असतात. वहीच्या पहिल्या पानावरचा आकडा इथे उपयोगी पडतो. समजा, मे महिन्यात पाणी 90 फुटांवर जाते आणि ते जमिनीपासून 20 फूट उंचीच्या टाकीत चढवायचे आहे, तर उंची झाली 110 फूट, म्हणजे साधारण 33.5 मीटर, त्यात पाइप आणि वळणांमुळे होणाऱ्या घर्षणाची भर घालून पंपावरच्या पाटीशी ती ताडून पाहावी. पाटीवरची सर्वाधिक उंची जेमतेम तेवढीच असेल, तर तो पंप पाण्याची करंगळीएवढी धार देईल आणि वीज मात्र पूर्ण खाईल. पाटीवर आयएसआयची खूण आणि ताऱ्यांचे लेबल आहे का, तेही पाहावे. सौर पंपासाठी 2019 मध्ये सुरू झालेली कुसुम योजना आहे. तिचा अर्ज सरकारी संकेतस्थळावरूनच करावा आणि मेळ्यात "मी करून देतो" म्हणणाऱ्या कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नये.

ट्रॅक्टरजवळ गेलात तर विक्रेता इंजिनाची ताकद सांगेल. रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र चालवायचे असेल तर पीटीओची, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजाराला फिरवणाऱ्या दांड्याची, ताकद विचारावी, कारण अवजाराला मिळते ती तेवढीच. शिवाय मध्य प्रदेशातच बुदनी येथे ट्रॅक्टरांची चाचणी घेणारी केंद्र सरकारची संस्था आहे, जी 1955 पासून काम करते. "या मॉडेलचा बुदनीचा चाचणी अहवाल दाखवा" असे नम्रपणे म्हणावे. अहवालात पीटीओची ताकद, ताशी डिझेल किती लागले आणि चाचणीत काय मोडले-बिघडले, हे सगळे लिहिलेले असते. चकचकीत माहितीपत्रकापेक्षा तो मला शतपटीने मोलाचा वाटतो. सर्व्हिसिंगचे केंद्र आपल्या गावापासून किती किलोमीटरवर आहे, हेही लिहून घ्यावे. मेळ्यात गाड्यांवर रोड टॅक्सची सवलत अनेकदा मिळते, आणि तिच्या ओढीने लोक घाई करतात. त्या वर्षीचा सरकारी आदेश आपल्या वाहनाला लागू होतो की नाही, हे बिल करण्यापूर्वी वाचून घ्यावे.

संध्याकाळ आणि दुसरी सकाळ

संध्याकाळी चारच्या सुमारास घरच्या मंडळींना बोलावून घ्यावे. त्यांना दुकानांकडे आणि पाळण्यांकडे सोडून आपण दुसऱ्या धारेसाठी दावणीकडे जावे. मुलांपैकी एखादे यायला तयार असेल तर त्याला अवश्य सोबत न्यावे आणि माप त्याच्या हातात द्यावे. धार काढणारा रेडकाला आधी सोडतो का, म्हैस पान्हा सहज सोडते का, की तिला सुई टोचावी लागते, हे लक्षपूर्वक पाहावे. पान्हा सोडण्यासाठी इंजेक्शन देताना दिसले तर तिथून सरळ निघावे. धार संपली की लिटर वहीत लिहावेत आणि मग निश्चिंत मनाने पापड, खजला, गजक, जे काही खायचे ते खावे.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिसरी धार. आकडे मनासारखे आले तर किमतीचे बोलणे करावे. जुने दलाल अजूनही रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव सांगतात. ती पद्धत पाहण्यासारखी आहे, पण सराव नसेल तर आपण तोंडानेच बोलावे, दलाली कोण देणार ते आधी ठरवावे, आणि पावतीवर बिल्ल्याचा क्रमांक, वेत, शेवटची व्यायल्याची तारीख आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. गाभण म्हणून विकली जात असेल तर पशुवैद्याकडून तपासून घेतल्याशिवाय तो शब्द पावतीवर लिहू देऊ नये. पैसे देऊन झाल्यावर मालकाला आणखी एक गोष्ट विचारावी: तो तिला दिवसातून किती वेळा, काय आणि कोणत्या क्रमाने खायला घालतो. भुसा किती, पेंड सरकीची की मोहरीची, आंबोण भिजवून की कोरडे, हे सगळे लिहून घ्यावे आणि जमल्यास दोन-तीन दिवस पुरेल एवढा त्याच्याकडचाच भुसा विकत मागावा. आपण आणलेले दावे घालून, टेम्पोत तळाशी भाताचा पेंढा अंथरून तिला घरी न्यावे. घरच्या गुरांपासून तिला तीन आठवडे वेगळ्या जागी बांधावे, तिची बादली वेगळी ठेवावी, आणि पहिले काही दिवस जुन्या मालकाकडचाच चारा देऊन मग हळूहळू, आठ-दहा दिवसांत, आपल्या घरच्या चाऱ्यावर आणावे.